पुढे काकू, मागे तारमास्तर

चैत्र-वैशाखात मलकापूरला दुपारी बारा वाजता कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमच्या शेजारचे तारमास्तर मात्र नेमके तेव्हाच बायकोला घेऊन फिरायला निघत. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, हातात काळी छत्री. आणि ती छत्री स्वतःवर नाही, पुढे चालणाऱ्या काकूंवर धरलेली.

‘पुढे चालणाऱ्या’ हे मी चुकून लिहिलेलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती आणि आमच्या वऱ्हाडात नवरा पुढे, बायको दहा पावलं मागे, हीच रीत होती. बाजारात बायको हरवली तरी नवऱ्याला घरी गेल्यावर कळायचं. अशा गावात हा पेन्शनर माणूस बायकोच्या मागे चालायचा. लोक त्यांना बायकोचा बैल म्हणत. पानठेल्यावर तर तोंडावर म्हणत. मास्तर म्हणायचे, “बरं.” आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा हजर.

तीस वर्षं तारा पाठवून त्यांना शब्द जपून वापरायची खोड लागली होती. माझं बोलणं म्हणजे पाटाचं पाणी. मी सांगत सुटले की ते हात वर करून म्हणत, “सूनबाई, दहा शब्दांत.” मला असा राग यायचा! फिरतानाही ते काकूंशी गप्पा म्हणून मारत नसत. “डावीकडे. दगड. सरळ.” एवढंच. मला वाटायचं, काय हा रुक्ष माणूस, बायकोला फिरायला नेतो की इंजिन शंटिंगला?

एका दुपारी कुरडयांवर सावली आली म्हणून मी वाळवणाची खाट ओढून गल्लीच्या मधोमध आणली. तेवढ्यात ही दोघं आली. वावटळीनं मास्तरांची छत्री उलटी झाली, ते ती सरळ करत बसले, आणि काकू सरळ येऊन माझ्या खाटेवर आदळल्या. निम्म्या कुरडया धुळीत. दोन दिवस चीक घोटून माझे खांदे भरून आले होते. मी पदर खोचला आणि भांडायला तोंड उघडलं.

काकूंनी कुरडया हातानं चाचपल्या. हसून म्हणाल्या, “कुरडया का वं माय? पांढऱ्याफेक झाल्या यंदा.”

यंदा मी हौसेनं सगळ्या कुरडयांत गुलाबी रंग घातला होता.

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, एकदाच. बोलू नका.

संध्याकाळी काकू देवापाशी बसल्यावर ते कुंपणाशी आले. काकूंना दोन वर्षांपासून दिसत नाही म्हणाले. डॉक्टरांनी हात टेकले होते. आंधळी म्हणून कोणी कीव केलेली काकूंना खपणार नव्हती, म्हणून घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. बारा वाजता गल्लीत ना सायकल, ना बैलगाडी, ना गुरं. म्हणून बारा वाजता. मी देवाशपथ गप्प राहायचं कबूल केलं. माझ्यासारखीनं गप्प राहायचं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडे जेवायला भाऊबंद जमले. वाढायला मी होते. काकू चुलीशी बसून सगळं हातानं हुडकत होत्या, कोणाला संशयही नव्हता. पंगतीत धाकटे भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, “दादा, लोक हासतात आपल्या खानदानाले. उद्यापासून वहिनीले मांगं चालू दे. नाही तं आमी तुह्या घरी पाय ठेवत नाही.”

एका शब्दात मास्तरांची सुटका होती. माझ्या जिभेवर तो शब्द नाचत होता. मी आमरसाचं पातेलं घट्ट धरून उभी राहिले.

मास्तरांनी घास खाली ठेवला. “तुले यायचं तं ये, नाही तं नको येऊ. बायको मांगं चालली तं मले दिसत नाही. आन् ते दिसल्याबिगर मले चालता येत नाही.”

सगळी पंगत खो खो हसली. चुलीशी काकूंचा हात पोळीवरच थांबला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि धुराला शिव्या दिल्या. चूल तर केव्हाची विझली होती.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना मी आमच्या ह्यांना झोपेतून उठवलं. काऊन, म्हणाले. मी म्हटलं, फिरायला जायचं आहे. दुपट्टा बांधा, छत्री घ्या, आणि माझ्या मागून चला.