मीटरवरची राखण

भाऊबिजेला गोरक्षने बहिणीच्या ताटात विजेची शेगडी ठेवली, तेव्हा काकासाहेबांनी मेहुण्याचं तोंडभरून कौतुक केलं. गोरक्ष श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात फिटर होता. बहिणीचे डोळे धुरानं जायची वेळ आली, एवढंच तो म्हणाला. कडूबाईने शेगडीला हळदकुंकू लावलं आणि त्याच संध्याकाळी तिच्यावर आमटी चढवली. एरवी पदराने डोळे टिपत रांधणारी बायको चक्क ओवी गुणगुणत होती. काकासाहेबांना बरं वाटलं. पण नेमकं तेव्हाच त्यांचं लक्ष भिंतीवरच्या मीटरकडे गेलं.

गावात वीज येऊन वर्ष होत आलं होतं. वायरमनने मीटर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवलं होतं. त्यातली चकती आजवर म्हाताऱ्या बैलागत रमतगमत फिरायची, ती आता अशी सुटली होती की बघणाऱ्याला घेरी यावी.

"अगं, हे बिल आपल्याला गिळंल," काकासाहेब म्हणाले. त्या दिवशी त्यांना आमटी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटरसमोर पाट मांडला. कोपऱ्यात अंधार, चकती नीट दिसेना, म्हणून दिवसाढवळ्या दिवा लावला. शेजारचे आबासाहेब डोकावले. पिकावर राखणीला बसलेली माणसं त्यांनी ढीग पाहिली होती, मीटरवर बसलेला हा पहिलाच. चकती कशी पळते हे त्यांना दाखवायचं तर शेगडी लावायला हवी, आणि लावलेली शेगडी नुसती तापवायची म्हणजे करंटेपणा. म्हणून वर चहाचं आधण ठेवलं.

आबासाहेबांनी ही गंमत पारावर सांगितली. मग काय, रोज कोणी ना कोणी चकती बघायला येऊ लागलं. आल्या माणसाला चहाशिवाय वाटेला लावायची त्या घराची रीत नव्हती. कडूबाई आपला स्वयंपाक उरकून शेगडी बंद करी. काकासाहेब पाहुण्यांसाठी ती पुन्हा लावीत, कपबशी त्यांच्या हाती देत आणि वर हळहळत, "बघा, कशी उधळलीय!"

बिल आलं तेव्हा काकासाहेबांनी ओसरीवर बसून आकडा दोनदा वाचला. आपण म्हणालो होतो तेच खरं झालं, याचा आनंद मानावा की कपाळ बडवावं, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, उद्या श्रीरामपूरच्या बाजाराला जाताना शेगडी गोरक्षला माघारी द्यायची.

"ववाळणी कुनी माघारी देतं का?" कडूबाई म्हणाली. "त्याला काय वाटंल?"

"बिल दाव त्याला."

तिने शेगडी स्वच्छ पुसली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधली आणि दाराशी ठेवली. तेवढा सगळा चहा कोणी रिचवला हे काकासाहेबांना आठवायला हरकत नव्हती. पण चिडलेल्या माणसाचा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या नावावर चढतो.

संध्याकाळी आबासाहेब दोघा-तिघांना घेऊन आले. बिलाचं ऐकून त्यांना वाईट वाटलं होतं. रीत ती रीत. कडूबाईने चूल पेटवली, लाकूड होतं ओल्या बाभळीचं. धूर आढ्याला लागला, खाली उतरला आणि सगळ्यांच्या नाकातोंडात गेला. आबासाहेब खोकत उठले, चहा उद्या घेऊ म्हणाले. त्या घरातून माणसं बिनचहाची गेली, हे पहिल्यांदाच घडलं.

काकासाहेब मात्र पाटावर बसून राहिले. चकती कशी गुमान बसलीय, ते त्यांना डोळे भरून पाहायचं होतं. डोळे भरले खरे, पण ते पाण्याने. धोतराच्या सोग्याने किती पुसले तरी काही दिसेना.

"अगं, मीटरच दिसंना झालंय," ते म्हणाले.

कडूबाई फुंकणीने फुंकत होती. तिने मान वळवली नाही.

"मला लगीन झाल्यापासनं तव्यातली भाकर अशीच दिसती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर काकासाहेबांनी दोन शब्द सुनावून वेळ मारून नेली असती. रोज तिने रांधलेलं ते जेवत होते, पण ती काय बघत रांधते हे आज त्यांना दिसलं होतं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

ते उठले. दाराशी जाऊन त्यांनी धडप्याची गाठ सोडली, शेगडी आत आणली आणि बटण दाबलं. चकती उधळलीच असणार. काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मीटरच्या वरच्या खिळ्याला अशी अडकवली, की काच पार झाकून गेली.

"चा टाक," ते म्हणाले. "आपल्या दोघांपुरता."

कडूबाईने चूल विझवली. आधण ठेवता ठेवता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"अवं, तुमची टोपी."

"ऱ्हाऊ दे तितंच."