डावीकडे आता कोणीतरी आहे

कोणत्याही शहराच्या चारित्र्याची खरी कसोटी पराभवात लागत नाही. पराभव संपल्यावर जी सुट्टी सुरू होते, तिच्यात लागते. हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. (सर्वमान्य म्हणजे फुटबॉल क्लबच्या परिपत्रक क्रमांक एकमध्ये छापून आले आहे.) पराभव काय, कोणीही सोसतो. तो नव्वद मिनिटांत आटोपतो आणि मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांतीही मिळते. सुट्टी मात्र एक्क्याण्णव दिवसांची असते, आणि तीत माणसाला हळूहळू आशा वाटू लागते.

ज्या शहराची ही हकीकत आहे, त्याच्या पदरात दोन व्यावसायिक संघ पडले आहेत: एक फुटबॉलचा, एक बास्केटबॉलचा. दोन्ही हरतात. पण ते एकाच वेळी हरत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. फुटबॉलवाले थकले की बास्केटबॉलवाले हरायला घेतात, त्यामुळे नागरिकांची गैरसोय होत नाही. वर्षातले एक्केचाळीस दिवस तेवढे दोघेही घरी असतात. त्या काळात शहराचा रक्तदाब उतरतो, अडलेली लग्ने ठरतात, दाढ दुखणारे दंतवैद्याकडे जातात आणि बाप मंडळी आपल्या मुलांना बरोबर नावांनी हाका मारतात.

गेल्या मोसमात फुटबॉल संघाने अडतीस सामने खेळून चार जिंकले. (त्यातला एक प्रतिपक्षाची बस वाटेत बंद पडल्यामुळे. पण गुण ते गुण.) शेवटचा सामना ०–५ असा झाला. पाचवा गोल आपल्याच गोलरक्षकाने केला, आणि जाणकारांच्या मते दिवसभरातला सर्वांत देखणा गोल तोच होता.

तो गोल बाजारपेठेच्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांनी उत्तर स्टँडमधून, रांग 'ट', खुर्ची चौदावरून पाहिला. ही खुर्ची त्यांच्या वडिलांची. वडिलांनी जाताना घर थोरल्याला दिले, घड्याळ धाकट्याला दिले आणि खुर्ची मधल्याला, म्हणजे यांना. मधल्यावर त्यांचा लहानपणापासूनच थोडा राग होता. तेव्हापासून घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला चष्मेवाले त्या खुर्चीत बसत आले. डावीकडे तेरा नंबरवर न्हावी, उजवीकडे पंधरा आणि सोळा या दोन खुर्च्या गेली नऊ वर्षे रिकाम्या. (त्यांचे मालक परदेशी गेले. जाताना पत्ता ठेवला नाही. क्लबने तो तीनदा मागितला होता.)

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी बूट न काढता स्वयंपाकघर गाठले.

"संपलं," ते म्हणाले. "कानाला खडा. यंदा पासाचं नूतनीकरण नाही."

"हे तुम्ही दरवर्षी म्हणता," बायको म्हणाली.

"या वेळी लेखी देतो."

आणि खरोखरच त्यांनी खिशातून दुकानाचे नंबर लिहायचे पॅड काढले व लिहिले: 'उजवा डोळा – बघणार नाही. डावा डोळा – बघणार नाही. लांबचे – नाही. जवळचे – नाही.' खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून शिक्काही मारून आणला. बायकोने तो कागद फ्रिजला चुंबकाने लावला.

बायको शाळेत भूगोल शिकवते. समुद्रावर ती दरवर्षी सातवीच्या वर्गात चार तास बोलते. समुद्र रेल्वेने दोन तासांवर आहे. पण लग्नाला सव्वीस वर्षे झाली तरी नवऱ्याबरोबर ती तिथे एकदाच गेली आहे, चौदा वर्षांपूर्वी. त्या दिवशी चष्मेवाले कपडे बदलायच्या खोलीत रेडिओ घेऊन बसले, ते भरती येऊन गेली तरी बाहेर आले नाहीत. (०–३.) त्यावर तिने कधी भांडण काढले नाही. पण सव्वीस वर्षांत आपल्या वाट्याला मोसमातला एकही रविवार आला नाही, याचे तिला वाईट वाटे, आणि ते ती वर्षातून एकदा, शेवटच्या सामन्यानंतर, स्पष्ट शब्दांत सांगत असे. यंदा तिने सांगितले नाही. तिने स्टेशनवर जाऊन नव्या मोसमाच्या पहिल्या रविवारची, सकाळी आठ दहाच्या गाडीची, खिडकीजवळची दोन तिकिटे काढली आणि त्याच चुंबकाखाली अडकवली. रोज सकाळी चहा टाकताना ती त्यांच्याकडे बघायची आणि तिला बरे वाटायचे.

सुट्टीतले पहिले दोन रविवार फार सुखात गेले. दोघे नदीकाठी फिरले. आपल्याला कविता आवडतात, असे चष्मेवाल्यांनी सांगितले. आपल्याला ठाऊक नव्हते, असे बायकोने सांगितले. तिसऱ्या रविवारी पाण्यात बदके दिसली. चष्मेवाले कठड्यापाशी उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

"काय हो?"

"काही नाही. सगळी मध्ये गर्दी करतायत. डावीकडे कोणीच नाही."

"बदकं आहेत ती."

"तेच म्हणतोय. बदकांचंसुद्धा तेच."

पुढचे सर्व रविवार डावीकडे गेले. संघाचा मूळ रोग म्हणजे डावी बाजू, हे बायकोला नदीकाठी समजले, तळ्याकाठी समजले, आणि तिच्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नात पाहुणे फोटोला उभे राहिले तेव्हा पुन्हा एकदा नीट समजले. तिने ते ऐकून घेतले. रविवार तर मिळतोय ना, असे तिने मनाशी म्हटले.

इकडे क्लब स्वस्थ बसला नव्हता. क्लबमध्ये खेळ विभागात चार माणसे आहेत आणि आशा विभागात सतरा. आशा विभागाची परिपत्रके शहरभर भिंतींवर लागतात, न्हाव्याच्या आरशावरही लागतात. त्यांचा गोषवारा असा:

परिपत्रक दोन: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, संघाची पुनर्बांधणी सुरू आहे.' (पंचवार्षिक योजनेचे हे नववे वर्ष.)

परिपत्रक तीन: नवा प्रशिक्षक नेमण्यात आला. तो पूर्वी इथेच प्रशिक्षक होता व त्यास अकार्यक्षमतेमुळे काढण्यात आले होते. 'सबब त्यास येथील परिस्थितीची पूर्ण कल्पना आहे.'

परिपत्रक चार: चौतीस वर्षांचा एक स्ट्रायकर घेतला आहे. त्याचा गुडघा बहुतांशी बरा आहे.

परिपत्रक पाच: 'संघ गेले साठ दिवस अपराजित असून या काळात एकही गोल स्वीकारण्यात आलेला नाही.' या परिपत्रकाने शहरात खळबळ उडाली. बेकरीसमोर दोन माणसांनी हस्तांदोलन केले. पाठोपाठ बास्केटबॉलवाल्यांनी, आपण अद्याप अठ्ठावीसच दिवस अपराजित आहोत पण तरुण आहोत, असे पत्रक काढले.

परिपत्रक सहा: पाहणीत एकाहत्तर टक्के लोकांनी यंदा संघ वर येईल असे मत दिले. उरलेले एकोणतीस टक्के खेळाडू होते.

नूतनीकरणाची मुदत त्र्याऐंशीव्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळी पाचला संपते. हा दिवस आशा विभागाने अनेक वर्षांच्या अभ्यासाअंती निवडला आहे. त्या दिवशी मागचा पराभव पुसट झालेला असतो आणि पुढचा आठ दिवसांवर असतो. एके वर्षी प्रयोग म्हणून पास भर मोसमात विकायला काढले होते. दोन खपले. त्यातल्या एका गृहस्थांना पलीकडच्या धोबीघरात जायचे होते.

पास नको असेल तर मात्र स्वतः जाऊन नमुना सात भरावा लागतो, 'खुर्ची-त्याग अर्ज'. नाही भरला तर खुर्ची आपोआप पुढे चालू राहते. (ही सोय सभासदांच्या हितासाठी आहे.) म्हणून त्र्याऐंशीव्या दिवशी साडेचारला चष्मेवाले खिडकी क्रमांक तीनसमोर रांगेत उभे राहिले. बायको सोबत आली होती. फ्रिजवरचा कागद तिने पर्समध्ये घेतला होता, आणि का कोण जाणे, गाडीची तिकिटेही घेतली होती. रांगेत पुढे न्हावी होता. तो नूतनीकरण करून निघाला.

"का केलंस?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"दुसरा फोटो बघून या," न्हावी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

खिडकीमागे एक वयस्कर, मऊ आवाजाचे कारकून बसतात. त्यांचा चष्मा चष्मेवाल्यांनीच बनवलेला. त्यांनी नमुना सातबद्दल ऐकून घेतले, मान हलवली आणि टेबलावर दोन फोटो ठेवले. एक मागच्या मोसमातल्या संघाचा, एक यंदाचा.

"घाई नाही," ते म्हणाले. "नुसतं बघायचं. हा बरा वाटतो, की हा?"

चष्मेवाले चपापले. हा प्रश्न त्यांचा होता.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. गिऱ्हाइकाचा नंबर ठरला, सगळे झाले, तरी त्याच्या मनाला रुखरुख असते. तेव्हा चष्मेवाले चौकटीतली काच काढतात, फडक्याने पुसतात, तीच काच पुन्हा घालतात आणि विचारतात, "आधी बरं दिसत होतं, की आता?" गिऱ्हाईक म्हणते, "आता. आता अगदी लख्ख." सव्वीस वर्षांत 'सारखंच दिसतंय' असे म्हणणारी माणसे दोन निघाली. त्यातला एक जण नुसता सोबत आला होता आणि त्याला कोणी विचारलेच नव्हते. चष्मेवाल्यांना यात फसवणूक वाटत नाही. माणूस समाधानाने घरी जातो, आणि काच तर योग्यच असते.

त्यांनी दोन्ही फोटो नीट पाहिले. तोच गोलरक्षक. तेच बचावपटू, तेच त्यांचे केस. कॉलरचा रंग तेवढा बदलला होता, आणि एका कोपऱ्यात चौतिशीचा एक माणूस खुर्चीला धरून उभा होता. वडिलांची खुर्ची डोळ्यांपुढे आली. मग त्यांनी बायकोच्या पर्सकडे पाहिले.

"सारखंच दिसतंय," ते म्हणाले.

कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकतीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर त्यांना कोणी दिले नव्हते. ते उठून आतल्या खोलीत गेले. तिथे बरीच शोधाशोध झाल्याचे आवाज आले आणि शेवटी ते पिवळट पडलेला नमुना सात घेऊन आले. त्याची एकच प्रत छापलेली होती. चष्मेवाल्यांनी नाव लिहिले, रांग लिहिली, खुर्ची क्रमांक लिहिला. पाचला चार मिनिटे कमी होती आणि फक्त सही उरली होती.

"अहो," बायको म्हणाली.

"हं."

"थांबा जरा." ती खिडकीतून वाकून फोटो बघत होती. हा बघितला, तो बघितला. पुन्हा हा बघितला. "दुसऱ्यात डावीकडे आता कोणीतरी आहे."

(ते खरे होते. फोटोवाल्याने यंदा उजवीकडच्या खेळाडूला उठवून डावीकडे उभे केले होते.)

चष्मेवाल्यांनी फोटो उचलला. जवळ धरला, लांब धरला.

"अगं, आपली गाडी आहे," ते अगदी हळू म्हणाले. "समुद्र."

"समुद्र कुठे पळून जातोय," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "पण तीन महिने तुम्ही मला डावीकडे कोणी नाही, कोणी नाही म्हणून सांगताय. आणि आता तिथे माणूस आलाय तर बघायचं नाही? असं कसं?"

कारकुनांनी नमुना सात हलकेच आपल्याकडे ओढून घेतला, कारण त्याची एकच प्रत होती आणि पुढेही लागली असती. मग त्यांनी मऊ आवाजात विचारले, "एक, की शेजारची पंधरा नंबरही?"

पाचला एक मिनिट कमी असताना दोन पासांवर दोन सह्या झाल्या. स्टेशनवर तिकिटांची तारीख बदलून मिळाली. आता ती पुढच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारची आहेत, खिडकीजवळचीच, आणि त्याच चुंबकाखाली आहेत. शिक्क्याचा कागदही तिथेच आहे. तो दरवर्षी उपयोगी पडेल म्हणून बायकोने त्यावर तारीख घालू दिली नाही. सव्वीस वर्षांनी तिला मोसमातला रविवार मिळाला, आणि नवऱ्यासोबत मिळाला, हेही नमूद करायला हवे. ती उशी घेऊन गेली होती. उत्तर स्टँडमधल्या खुर्च्या फार कडक आहेत.

आता त्या पहिल्या रविवारी काय झाले, हे इथवर वाचत आलेल्यांना जाणून घ्यायचे असणारच. घाई नाही. नुसते बघायचे.

पहिली काच: संघ घरच्या मैदानावर ०–२ असा हरला.

दुसरी काच: बलाढ्य प्रतिपक्षाला संघाने अवघ्या दोन गोलांवर रोखून धरले, आणि डावीकडून चेंडू दोनदा जवळजवळ पुढे गेला.

कोणती बरी दिसते? आधीची, की आत्ताची?

आपली खुर्ची रांग 'ट'मधली सोळा. येताना उशी घेऊन यावी.