फर्नला देवी आल्या

चतुराचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि कारण काय, तर न्हाणीमागच्या सावलीतल्या दोन कुंड्या! फर्नच्या पानांखाली तपकिरी पुळ्यांच्या रांगाच्या रांगा उठल्या होत्या आणि चार वर्षांच्या धर्माचे हात सारखे त्याच पानांत. रोग लागला पोराला, तर?

कुंड्या तहसीलदारसाहेबांच्या. हैदराबादला रजेवर जाताना त्यांनी त्या आपल्या कारकुनाच्या, म्हणजे चतुराच्या नवऱ्याच्या, गळ्यात मारलेल्या. "बारा महिने हिरवं राहतं म्हणे!" इंद्रभान हरखला होता. ना फूल, ना फळ, ना भाजी. घागरी मात्र चतुराने वाहायच्या. ("जपून हं, माझी बढती आहे त्यात." जशी काही बढती कुंडीतच पेरली होती!)

सकाळी सासूने, जयवंताबाईंनी, पान उलटून पाहिलं आणि हात जोडले.

"देवी आल्यात झाडाला! आता कुणी शिवायचं न्हाई. लिंबाच्या डहाळीनं गार पाणी शिंपायचं, उन्हात बिलकुल काढायचं न्हाई."

"झाडाला कुठं देवी येतात, आत्याबाई?"

"तुला शाळेत शिकवलं न्हाई, मंग येतच न्हाईत का?"

चतुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोरीसाठी आणलेली फिनेलची बाटली घेऊन ती तरातरा गेली. (आरोग्याच्या विषयात तिला पैकीच्या पैकी गुण होते. त्यात फर्न नव्हता, हे आठवलं, पण उशिरा.) एका कुंडीचं पान न् पान तिने घासलं. मग धर्माचे हात घासायला घेतले, तर तो बोंबलत आजीच्या पदरात. दुसऱ्या कुंडीकडे वळली, तर सासू आडवी.

"देवीला फिनेल? आधी मला पाज!"

आठवड्यात चतुराच्या फर्नचा खराटा झाला. सासूचा कुंडीबाहेर सांडू लागला.

"अगं, त्या पुळ्या म्हणजे बी होतं त्याचं! कचेरीचा माळी सांगून राह्यला!" इंद्रभान कडाडला. "बुडाली माझी बढती!"

"मग कुंडीशीच लग्न लावायचं होतं!"

साहेब आले. खराटा पाहून कपाळाला आठी.

"ऊन लागलं, हुजूर," इंद्रभान पुटपुटला.

दुसरी कुंडी पाहून मात्र साहेब खुलले. "वाह! बिलकुल बराबर! कुणी सांभाळली?"

"आमच्या मंडळींनी, हुजूर. शिकलेली आहे."

सासूने डोळे वटारले. चतुराने मान खाली घातली आणि श्रेय पदरात पाडून घेतलं.

"शाबास! मग बंगल्यातल्या सगळ्याच कुंड्या यांच्याकडे पाठवतो."

धर्मा पुढे झाला.

"आजीकडं द्या, साहेब. आईनं मला बी घासायला घेतल्तं. आजीकडं पळालो म्हणून वाचलो!"