थेरापसुस आणि माझा मजला

"पण ते थेरापसुस आहे तरी कुठे?" हा प्रश्न मी भर नगरसभेत उठून विचारावा, अशी मैत्रिणींनी पैज लावली. पैज पालक भरलेल्या एका पाईची होती, त्यामुळे माघारीचा प्रश्न नव्हता.

प्रश्न रास्तच होता. आमच्या ग्रीक गावाच्या वेशीवर पाटी लागली होती, 'प्राचीन नगर थेरापसुस'. खरं तर ते आमचं थेरापसोस. पण ग्रीक नावाला जर्मन पाहुणे थांबत नाहीत, लॅटिन नाव त्यांनी शाळेत घोकलेलं असतं, असं नगराध्यक्ष प्रोकोपिस यांचं मत. पाहुणे थांबले आणि कोंबड्यांचे फोटो काढून गेले. शाळेचं स्वच्छतागृह सोडलं तर गावात प्राचीन काहीच नव्हतं.

"मिर्सिनी, पोरी," नगराध्यक्ष म्हणाले, "दिसत नाही, म्हणजे जमिनीखाली आहे."

"जमिनीखाली कुठे?"

"नक्की माहीत नाही, म्हणजे सगळीकडे."

हे उत्तर इतिवृत्तात गेलं, इतिवृत्त पुरातत्त्व खात्यात गेलं, आणि खात्याने खबरदारी म्हणून अख्खं गाव संरक्षित केलं. खणणं बंद, बांधणं बंद.

आमच्याकडे मुलगी झाली की बाप गच्चीवर लोखंडी सळया उभ्या ठेवतो. पुढेमागे लग्नात तिला द्यायचा मजला चढवायला. माझ्या सळयांवर आई इतकी वर्षं ऑक्टोपस वाळवत होती. ईस्टरनंतर बाबा स्लॅब टाकणार होते. ते तडक खात्यात गेले.

"साहेब, मी वर बांधतोय, खाली नाही."

"वरच्या वजनाने खालचं दबेल."

"मग खाली काय आहे ते खणून तरी बघा."

"खणायला बंदी आहे," साहेब दुःखाने म्हणाले.

पुढे साहेब पाहणीला आले आणि सळयांचा गंज बघून गंभीर झाले. आता सळयांभोवती दोरी आहे, स्पर्श करू नये अशी सूचना आहे, आणि ऑक्टोपस आमच्या न्हाणीघरात आहे. गाव माझ्याशी बोलत नाही. बाबाही जेवताना मीठ आईकरवी मागतात. पलीकडच्या गावात मात्र मुलींचे मजले भराभर चढताहेत. तिथले लोक रविवारी सहकुटुंब येतात आणि माझ्या सळयांसोबत फोटो काढतात.

काल जेवताना मी घसा खाकरला. "आई, बाबा, माझं ठरलंय. मी पुरातत्त्व शिकणार, ह्याच खात्यात लागणार."

बाबांनी मीठ स्वतः मागितलं. "म्हणजे आपला मजला होईल?"

"तो काही होत नाही, बाबा. पण संरक्षणाची पहिली सही मी पलीकडच्या गावावर ठोकणार. न्याय न्याय म्हणून सगळे मागतात, तो हाच ना?"