पिंपळाच्या पानाएवढी फट

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. पळसाचं वाळकं पान फांदीवरून सुटलं ते सरळ खाली आलं, इकडे नाही की तिकडे नाही. ऊन दगडांवर बसून राहिलं होतं, उठायचं नावच घेत नव्हतं.

अशा दिवशी एका जंगलात एक इंजिन बंद पडलं.

जंगलात इंजिन कुठून आलं, असं विचारू नका लेकरांनो. कुणीतरी आणलं, कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, आणि मग ते भिवा अस्वलाच्या गळ्यात पडलं.

जंगल होतं टेकडीवर. नदी होती खाली दरीत. नदीत होती मगर. मोठी जनावरं घाईघाईनं पिऊन पळून यायची, पण पिलांना कसं पळता येणार? म्हणून नदीच्या वरच्या खडकावर हे डिझेल इंजिन बसवलं होतं. ते पाणी वर ओढायचं आणि टेकडीवरच्या दगडी टाक्यात टाकायचं. पिलं तिथं प्यायची.

भिवा रोज सकाळी यायचा. आधी इंजिनाची चिमटी उचलायचा, म्हणजे आतली हवा मोकळी सुटते आणि हँडल हलकं फिरतं. गरागरा हँडल मारायचा. मग चिमटी खाली टाकायचा. हवा आत कोंडायची, दाबली जायची, तापायची, आणि डिझेल पेट घ्यायचं. या दाबाला मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतात. भिवा त्याला दम म्हणायचा. इंजिन चालायचं भक भक भक. आणि त्या भकभकीत, वरच्या डोक्यावर, बारीकसं टिक टिक टिक.

वाघ महाराजांची गुहा जवळच होती. भकभकीची त्यांना सवय झाली होती. पण एका दुपारी कारभारी बगळेराव त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "महाराज, ती टिकटिक ऐकलीत?"

महाराजांनी तोवर ऐकली नव्हती. त्यानंतर त्यांना दुसरं काही ऐकू येईना.

"कसली आहे ती?"

"भकभक म्हणजे काम, महाराज. टिकटिक म्हणजे कुरकुर."

भिवाला बोलावणं गेलं. तो आला, आपल्या चालीनं. बगळेराव एका पायावर उभे होते. मोठ्या जबाबदारीच्या वेळी ते दुसरा पाय टेकत नसत.

"ती टिकटिक बंद कर."

"ती असायची असते, बगळेराव," भिवा म्हणाला. "आत दोन झाकणं आहेत, व्हॉल्व्ह म्हणतात. त्यांच्या डोक्यावर पिंपळाच्या वाळल्या पानाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते. लोखंड तापलं की फुगतं. फट नसली तर झाकण पुरतं मिटत नाही, आणि दम सुटतो."

"फट म्हणजे ढिलाई," बगळेराव म्हणाले. "महाराजांच्या राज्यात ढिलाई?"

माकडाला पाना दिला. माकडानं त्या फटीवरचा नट असा आवळला, असा आवळला, की टिकटिक मेली. भिवाला रजेवर पाठवलं. जंगलात दवंडी पिटली की आपलं इंजिन पंचक्रोशीत सगळ्यात शांत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या.

चार दिवस इंजिन चाललं. पाचव्या दिवशी पाण्याची धार करंगळीएवढी झाली. आणि त्या वारा पडलेल्या दिवशी ते सुरूच झालं नाही. माकड हँडल मारून मारून दमलं. चिमटी टाकली तरी हँडल फिरतच राहिलं, दाणे नसलेल्या जात्यासारखं.

टाक्यात ओंजळभर पाणी उरलं. ठिपकी नावाची एक हरिणी होती. तिचं पिल्लू तीन दिवसांचं. ते उभं राहायचं आणि स्वतःच्याच पायांत अडकून पडायचं. ठिपकी बगळेरावांकडे गेली.

"कारभारी, याला दरीत कसं नेऊ? खाली मगर आहे."

"समिती नेमली आहे," बगळेराव म्हणाले.

"पाणी कधी येईल?"

"समितीत मगरही आहे. पाण्याचा तिच्याएवढा अनुभव कुणाला आहे, तूच सांग बाई."

समितीनं इंजिन पाहिलं. एकजण म्हणाला डिझेल पातळ आहे. एकजण म्हणाला जागेत दोष आहे, तोंड पूर्वेला करा. मगर म्हणाली, "मला तर हे असंच छान वाटतं." शेवटी इंजिनाला हिरवा रंग दिला आणि वर हार घातला. हिरवं इंजिन हार घालून बंद राहिलं.

मग ठिपकी भिवाच्या दारात गेली. "भिवादादा, चला ना."

"मी रजेवर आहे गं."

"पिल्लू नाही रजेवर."

भिवा उठला.

आता नीट ऐका, कारण जंगलात एवढीच एक गोष्ट कुणी शांतपणे केली. भिवानं आधी रंगाकडे पाहिलं नाही. त्यानं चिमटी टाकून हँडल हळू फिरवलं. चांगलं इंजिन इथं हाताला उलटं ढकलतं. यानं ढकललं नाही. "दम सुटतोय," तो म्हणाला. "कुठून, ते बघू."

त्यानं हवेच्या वाटेनं चमचाभर तेल आत सोडलं आणि पुन्हा फिरवलं. फरक नाही. "दट्ट्याभोवतीच्या रिंगा शाबूत आहेत. रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं घटकाभर तरी दम धरला असता." मग इंजिन थंड करायच्या पाण्यात पाहिलं. बुडबुडा नाही. "डोक्याखालचं पॅकिंग फाटलेलं नाही, नाहीतर हवा इथून निघाली असती." मग तो खाली वाकला आणि धूर जायच्या नळकांड्याला कान लावला. ठिपकीला म्हणाला, "आता तू फिरव, हळू."

तिनं खुरानं हँडल ढकललं. नळकांड्यातून आवाज आला, फुस्स.

"हे बघ. धुराच्या वाटेवरचं झाकण मिटत नाही. ज्याला ओठ मिटता येत नाहीत त्याला फुगा फुगवायला सांगितलंय."

त्यानं नट सैल केला. पिंपळाचं वाळकं पान मध्ये सरकवलं, ते किंचित अडकत निघेल एवढाच नट आवळला, पान काढून घेतलं. मग दोन्ही हातांनी हँडल मारलं आणि चिमटी टाकली.

भक. भक. भक भक भक.

पाणी वर चढलं. पिल्लू टाक्याशी गेलं, पायांत अडकून पडलं, उठलं आणि प्यायलं. त्याच्या नाकाला पाणी लागलं तेव्हा ते शिंकलं. ठिपकी हसली की रडली ते मला सांगता यायचं नाही.

आणि त्या भकभकीत, वरच्या डोक्यावर, टिक टिक टिक.

टाकं चार बोटं भरलं असेल, तेवढ्यात महाराज जागे झाले.

भिवाची चौकशी लागली. बगळेराव एका पायावर उभे राहिले.

"महाराज, कागद बोलतो. इंजिन बंद होतं तेव्हा त्याच्या आवाजाची एकही तक्रार नाही. या अस्वलानं हात लावला आणि त्याच दुपारी तक्रार आली. तीही साक्षात आपली."

"पण पाणी आलं," भिवा म्हणाला.

"विषय पाण्याचा नाही," महाराज म्हणाले, आणि जांभई दिली. ती जांभई एवढी मोठी होती की पुढं कुणी काही बोललं नाही.

इंजिन तिथंच बंद केलं, माकडाला पुन्हा पाना मिळाला, आणि या वेळी त्यानं नट इतका आवळला की इंजिन परत सुरूच झालं नाही. भिवाला इंजिनापासून शंभर पावलं लांब राहायचा हुकूम झाला, आणि नदीकडे उतरायचीही बंदी झाली. मगरीनं खालून अभिनंदनाचा निरोप पाठवला.

चार बोटं पाणी दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपकी आणि पिल्लू दरीत उतरली.

दुपारी ठिपकी एकटी वर आली.

ती इंजिनाजवळून गेली. इंजिन हिरवंगार होतं, हारही होता. तिथं इतकी शांतता होती की गुहेतलं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं.

तात्पर्य

तात्पर्य मी सांगणार होतो, पण माझ्याआधीच ते भिवाचा शेजारी साळू साळिंदर सांगून गेला. त्या संध्याकाळी भिवा दारात बसला होता, मुठीत ते पिंपळाचं पान होतं, आणि साळू कुंपणापलीकडून म्हणाला, "भिवा, तुझं निदान बरोबर होतं रे, कान तेवढा चुकीच्या जागी लावलास. तू लावलास नळकांड्याला. बगळेराव बघ, जन्मभर महाराजांच्या घोरण्याला कान लावून उभे आहेत, आणि अजून त्यांच्या अंगावर तेलाचा एक डाग नाही."