अनवाणी म्हात्रे सर

१९९४ च्या चैत्रात, ऐरोलीत गावदेवीच्या पालखीच्या दिवशी, म्हात्रे सर भर दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावरून पालखी खांद्यावर घेऊन अनवाणी चालले. बाकीचे भोई चटके चुकवत सावलीचा पट्टा शोधत होते. सर एकाच संथ चालीनं चालत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भक्तीची बातमी शेजारच्या दिघा गावापर्यंत पोहोचली होती.

बातमी चुकीची होती. सर देवभोळे नव्हते. पालखीला खांदा ते घराण्याचा मान म्हणून देत. त्यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती, माणसाच्या चेतासंस्थेवर.

सर मूळचे गावातलेच, आगरी. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि गावाला लागून उभ्या राहिलेल्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्याकडे चहाला जाणाऱ्याला आधी गुडघा द्यावा लागे. "पायावर पाय टाका. सैल सोडा. टेन्शन घेऊ नका," असं म्हणत सर तळहाताच्या कडेनं गुडघ्याच्या वाटीखाली हलका टोला देत. पाय उडाला की म्हणत, "शाबास." मगच त्यांच्या पत्नी, सुशीलाकाकू, चहा आणत. पोस्टमन, गॅसवाला, चेअरमन, कोणी सुटलं नव्हतं. एका विमा एजंटानं दोन्ही गुडघे दिले, तरी त्याची पॉलिसी खपली नाही.

"हा मेंदूचा निर्णय नाही," हे सरांचं पालुपद. पार्किंगवरून नायरनी सावंतांच्या थोबाडीत मारली, त्यावर सोसायटीची सभा बसली. सर उभे राहिले.

"तव्याला बोट लागलं की बोट आधी मागे येतं, चटका नंतर कळतो. का? कातडीचा निरोप मज्जारज्जूत जातो आणि हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला फक्त कळवलं जातं. सावंत, तुम्हाला नायरच्या मज्जारज्जूनं मारलंय. आता त्यांच्या मेंदूला माफी मागू दे."

नायरनी माफी मागितली.

"सर, मग माझ्या मज्जारज्जूनं त्याला एक दिली तर चालेल?" सावंतांनी विचारलं.

"नाही. तुम्ही आता विचार केलात."

त्याच सभेला सर एका पायात चप्पल घालून आले होते. दुसरी जिन्यात सापडली. वॉचमन ती हातात धरून सभेत आला. "सर, चप्पल निघाली ती कळली नाय तुमाला?"

"लक्ष नव्हतं," सर म्हणाले.

सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "सरांचा निरोप मज्जारज्जूतच अडकला." सर हसले नाहीत. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पालखी दारात आली की घरच्या बाईनं भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, अशी गावातली रीत. त्या दुपारी पालखी सोसायटीच्या गेटशी थांबली. काकू तांब्या घेऊन खाली बसल्या. सरांच्या पायांवर पाणी घालता घालता थांबल्या.

"अवो, पाय बगा तुमचं," त्या हळूच म्हणाल्या.

तळव्याची कातडी सुटून बाजूला आली होती. सर खाली बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "देवीची किरपा. सरांना चटका पन लागला नाय." एका बाईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग दुसरीनं. त्यांत सरांच्या जुन्या विद्यार्थिनीही होत्या. सर "नको, नको" म्हणत मागे सरकत गेले ते गेटच्या खांबाला टेकले. त्यांचे कान लाल झाले होते.

"किरपा नाय हाय," ते म्हणाले. शाळेत त्यांना गावच्या बोलीत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. "नसा मेल्यान. साखरेनं. पायाखाली काय हाय, मना कलत नाय."

ताशा वाजत होता. पुढच्या दोघी-तिघींनीच ऐकलं. त्यांनी हात मागे घेतले.

मी सरांना रिक्षात घालून डॉ. नसीमाकडे नेलं. ती सरांचीच विद्यार्थिनी. तिनं जखमा धुतल्या, बँडेज बांधलं आणि रबरी हातोडी काढली. "सर, पाय लोंबता सोडा."

पाय उडाला नाही. दुसराही नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"रोज बघतो."

"मग आला का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं येऊ? साखर वाढली की चेता जातात, हे तुला फळ्यावर मीच लिहून दिलं. परीक्षेतही विचारलं. आणि घरी जाऊन गोड चहा पीत बसलो. लाज वाटली."

"लाजेपायी पाय घालवाल, सर."

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी विचारलं, "मग आमचे गुडघे कशाला ठोकत होता?"

त्यांची नजर बँडेजवर होती.

"तुमचा उडतो ना," ते म्हणाले. "बघून बरं वाटतं."

डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. काकूंनी साखरेचा डबा माझ्या घरी आणून दिला. चहाला गेलेल्यांचे गुडघे सर नंतरही मागत, पण आता आधी विचारून.

पुढच्या चैत्रात पालखीला खांदा त्यांच्या पुतण्यानं दिला. सर बूट-मोजे घालून गेटशी होते. सकाळपासून त्यांनी बागेच्या नळाला पाइप लावून समोरचा रस्ता भिजवत ठेवला होता. पालखी वळणावर दिसली. काकू तांब्या भरून घेऊन आल्या. सरांनी पाइप बाजूला ठेवला, खांबाचा आधार घेत ते खाली बसले आणि पाणी पोहोचलं नव्हतं तिथं डांबरावर तळहात टेकवला.

हात झटकन मागे आला. सरांनी तो पुन्हा टेकवला.