नमुना ई-चार, स्वखुशीने

तंजावूरमधील एका समुपदेशक प्रशिक्षण संस्थेने यंदापासून अभ्यासक्रमात अस्तित्ववादाचा समावेश केला. येथील प्रशिक्षणार्थी रडणाऱ्या माणसाला फार लवकर पाणी देतात, असा शेरा मागील तपासणी पथकाने मारला होता. त्यावर उपाय म्हणून पेपर क्रमांक चार आला. माणूस स्वतंत्र आहे, त्याच्या आयुष्याची निवड दुसरे कोणीही करू शकत नाही आणि या जाणिवेने त्याला चिंता वाटलीच पाहिजे, हे वाक्य समन्वयक कल्याणराम यांनी वर्गाला सावकाश, दोनदा उतरवून दिले. चाचणीत ज्यांनी ते आपल्या शब्दांत लिहिले, त्यांचे गुण कापले गेले.

लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक होते. प्रत्येकाने एकतीस मेपर्यंत एक निर्णय संपूर्ण स्वातंत्र्याने घ्यायचा आणि नमुना ई-चारमध्ये दाखल करायचा. निर्णयावर कोणाचेही दडपण नव्हते, याबद्दल कुटुंबप्रमुखाची सही आवश्यक होती.

नंदिता वर्गात पहिली होती. तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूतील एका शाळेने तिची समुपदेशक म्हणून निवड केली होती, मात्र रुजू होताना प्रमाणपत्र दाखवण्याची अट होती. तिला निर्णय शोधावा लागला नाही. रोज बसने ये-जा करण्याऐवजी ओरत्तनाडूतच खोली घेऊन एकटीने राहायचे, हे तिने वर्षभर मनाशी धरले होते. तिने ते नमुन्यात सुवाच्य अक्षरात लिहिले, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरी आणले आणि वडिलांपुढे ठेवले.

बाळकृष्णराव दस्तनोंदणी कार्यालयातून बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले होते. त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

“साक्षीदार कुठं आहेत गो?”

“अप्पा, हा दस्त नव्हे. माझा निर्णय आहे.”

“निर्णय म्हणजे दस्तच. ‘स्वखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय.’ बत्तीस वर्षं हे मी लोकांना वाचून दाखवलं. इतक्या स्वखुशीत हसणारा एक माणूस बघितला नाही.”

आई कनकलता कॉफीचे पेले घेऊन आली. “एकटी राहून खाशील काय?”

“भात.”

“भाताबरोबर?”

या प्रश्नाचे उत्तर पेपर चारमध्ये नव्हते.

तोडगा बाळकृष्णरावांनीच काढला. “सही मी करतों. दडपण नाही म्हणून लिहूनही देतों. तू फक्त ‘खोली’ खोड आणि ‘बस’ लिही.”

“मग तो तुमचा निर्णय झाला की.”

“तसं कसं? निर्णय तुझा, सही माझी. बघ, रकाने वेगळे आहेत.”

नंदिता सहीशिवायचा नमुना घेऊन कल्याणरामांकडे गेली. सहीपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. त्यांचे बोट रकाना सहावर थांबले.

“चिंतेचा पुरावा?”

“सर, चिंता नाही. मला आनंद झालाय.”

“मग स्वातंत्र्य अपुरं आहे. डॉक्टरांचा दाखला आण.”

डॉ. श्रीलक्ष्मी यांनी रक्तदाब मोजला. एकशे दहा, सत्तर.

“तुला काहीही झालेलं नाही.”

“डॉक्टर, तीच तर अडचण आहे.”

“काळजी वाटायला लागली की ये. सकाळी ये, गर्दी नसते.”

रकाना सहातून सूट मिळावी म्हणून नंदिता तीन दिवस संस्थेच्या व्हरांड्यात बसली. पहिल्या दिवशी कारकून रजेवर होता, दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली, आणि तिसऱ्या दिवशी दोघेही हजर होते, पण जेवणाची सुट्टी झाली. चौथ्या सकाळी रक्तदाब एकशे पन्नासवर गेला. श्रीलक्ष्मींनी आनंदाने दाखला दिला. कल्याणरामांनी तो परत केला.

“ही कार्यालयीन चिंता आहे. पेपर चारला अस्तित्वाची लागते.”

“दोन्हींत फरक काय, सर?”

“कार्यालयीन चिंता रांगेत उभं राहिल्यावर होते. अस्तित्वाची, रांगेतून बाहेर पडल्यावर.”

“मग मी बाहेरच पडते. सही नोको, दाखला नोको. निर्णय माझा राहील.”

“राहील. प्रमाणपत्र राहणार नाही.” कल्याणरामांनी आवाज खाली आणला. “हे बघ, मीसुद्धा ई-चार भरलाय. ‘ही नोकरी मी स्वतः निवडली.’ मसुदा संचालकांचा होता. सही करताना फार मोकळं वाटलं.”

एकतीस मे रोजी दुपारी नंदिताने घरच्या ओसरीवर बसून ‘खोली’ खोडली आणि ‘बस’ लिहिले. बाळकृष्णरावांनी शेजारचे रघोजी आणि समोरच्या राजम मामी यांना साक्षीला बोलावले, दोघांना नमुना वाचून दाखवला आणि कोणाचेही दडपण नसल्याची सही केली. राजम मामी हळूच म्हणाल्या, “पावम, बिचारी पोर किती समजूतदार.” कनकलतेने रोज न्यायला कप्प्यांचा नवा डबा काढला.

संध्याकाळी संस्थेत कल्याणरामांनी नमुना उजेडात धरला. खोडल्याची रेघ शब्दावरून निघून समासात गेली होती.

“हात थरथरला?”

“हो.”

“हे लिहिताना?”

“खोडताना.”

त्यांनी रकाना सहामध्ये लिहिले, ‘अस्तित्वविषयक. समाधानकारक.’ दाखल्याची गरज उरली नाही. नंदिता विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली आणि तिचा नमुना पुढच्या तुकडीसाठी काचेत लावण्यात आला.

जूनमध्ये ती सकाळच्या बसने ओरत्तनाडूला रुजू झाली. तिच्याकडे आलेली पहिली विद्यार्थिनी अकरावीची अखिला. तिला इतिहास घ्यायचा होता, घरच्यांनी विज्ञान ठरवले होते आणि शुक्रवार हा प्रवेशाचा शेवटचा दिवस होता.

“मी काय करू, मिस?”

माणूस स्वतंत्र आहे, त्याच्या आयुष्याची निवड दुसरे कोणीही करू शकत नाही, हे नंदिताने तिला सावकाश, दोनदा सांगितले. अखिला रडू लागली. नंदिताने पाणी लवकर दिले नाही. तिने घड्याळ पाहिले. परतीच्या बसला वीस मिनिटे होती. मग तिने खण उघडून ई-चारचा एक कोरा नमुना काढला.

“तुझा निर्णय इथं लिही,” ती म्हणाली. “आणि इथं वडिलांची सही आण.”

या प्रकारावर हसावे की नाही, हे प्रत्येक वाचकाने संपूर्ण स्वातंत्र्याने ठरवायचे आहे. घरात एकदा विचारून घ्यावे.